डोक्यावर बल्ब, छातीत बुद्ध

संपादकांनी फोनवर सांगितलं, "वैशाली, मराठी मंडळाचा दिवाळी अंक आहे, काहीतरी हलकंफुलकं लिही. दुकानातल्या गमतीजमती." मला गमतीजमती लिहिता येत नाहीत. मला पत्रक लिहिता येतं. नागपूरला कॉलेजात असताना सायक्लोस्टाइलच्या शाईने माझी बोटं कायम काळी असायची. वसतिगृहातल्या पाणचट वरणापासून विद्यापीठातल्या राखीव जागांपर्यंत एकही विषय आम्ही सोडला नव्हता. पत्रकाची एक शिस्त असते. राग कोणावर आहे ते पहिल्या ओळीत सांगून टाकायचं, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच शोधत बसावं लागत नाही.

तर माझा राग तुमच्यावर आहे.

अमेरिकेतल्या आपल्या या ट्रॉय गावातल्या ज्या मराठी घरांत मी पोटभर जेवून आले आहे, त्यांतल्या बऱ्याच दिवाणखान्यांत सोफ्याशेजारी चिनी मातीचा एक टकलू बसलेला आहे. त्याच्या डोक्यातून पितळी दांडा वर आला आहे, दांड्यावर बल्ब आहे आणि बल्बवर झालरीची टोपी. "किती आर्टिस्टिक आहे ना," असं तुम्ही मला म्हणाला आहात, आणि मी तोंडात जिलबी असल्यामुळे गप्प राहिले आहे. तो टकलू बुद्धाचा शिष्य आहे. त्याच्या डोक्यातलं भोक बहुधा मी पाडलेलं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी इथे आले. माझा नवरा प्रकाश मोटारींच्या दारांची ड्रॉइंग्ज काढायचा, अजूनही काढतो. माझ्या समाजशास्त्रातल्या एम.ए.ची मिशिगन राज्यात कोणालाही गरज नव्हती. जवळच्या गावात हेलन नावाच्या बाईंचं दुकान होतं. फुटलेली चिनी मातीची भांडी आणि बाहुल्या सांधून द्यायच्या, आणि कशाचाही दिवा करून द्यायचा, हे दोन धंदे. कशाचाही म्हणजे खरोखर कशाचाही. फुलदाणी, कॉफी दळायचं यंत्र, मेलेल्या काकाचा फुटबॉलचा बूट. हेलन साठीची, विधवा, ओठात सतत सिगारेट, पण हात असे स्थिर की सिगारेटची राख पडली तर पडली, हातातला ब्रश हलायचा नाही. तिने माझ्यासमोर काठोकाठ भरलेला कप ठेवला आणि म्हणाली, "पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेव." मी नेला, सांडला नाही. नोकरी मिळाली.

"तू हिंदू का?" तिने विचारलं.

"बौद्ध."

"अरे वा. म्हणजे शांत स्वभावाची असशील."

हेलनच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा गैरसमज. पण एक सांगते, 'बौद्ध' हा शब्द उच्चारल्यावर समोरच्याचा चेहरा खुलतो, हे मी इथे पहिल्यांदा पाहिलं. आपल्या मंडळात तोच शब्द उच्चारला की चेहरा आधी थांबतो, मग विचारतो, "नागपूरला कुठे राहायचात तुम्ही?" पत्ता हवा असतो म्हणून नव्हे.

आता धंद्याविषयी, कारण तुम्ही डॉक्टर-इंजिनियर मंडळी, 'प्रोसेस काय' हे विचारल्याशिवाय तुमचा घास उतरत नाही. पोर्सिलीन म्हणजे आपल्या लोणच्याच्या बरणीची माती नव्हे. ती भट्टीत इतकी भाजलेली असते की जवळजवळ काचच होते. तिला साध्या ड्रिलने भोक पाडायला गेलात तर हातात दोन अर्धे येतात. त्यासाठी हिऱ्याचे कण बसवलेली पोकळ नळी लागते. वरून पाण्याची धार सोडायची आणि नळीला स्वतःच्या वजनाने उतरू द्यायचं. दाबायचं नाही. बाहुली आतून पोकळ असते, त्यामुळे नळी आरपार गेली की आतून हवेचा बारीक आवाज येतो. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी ड्रिल बंद केलं आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिले. हेलनला वाटलं, मला धुळीचा त्रास होतोय. तिने मास्क आणून दिला.

आमच्याकडे दिवा व्हायला येणाऱ्यांत सगळ्यात जास्त हे अर्हत असायचे. अर्हत म्हणजे बुद्धाचे ते शिष्य ज्यांनी सगळ्या तृष्णेवर विजय मिळवला. चिनी लोक त्यांना लोहान म्हणतात आणि त्यांचे सोळा किंवा अठरा जणांचे संच करतात. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एक कान कोरतोय. एकाच्या भुवया गुडघ्यापर्यंत. एक वाघाशी बोलतोय, एक नुसता जांभई देतोय. कारागिरांनी देव म्हणून केलेले नाहीत ते, गल्लीतले म्हातारे म्हणून केले आहेत. टक्कल मात्र सगळ्यांना. आणि टक्कल दिसलं की अमेरिकन माणसाला तिथे बल्ब दिसतो.

गिऱ्हाइकं काय एकेक. एका बाईंना अर्हताच्या वस्त्राशी मॅच होणारी टोपी हवी होती, म्हणून त्या त्याला काखोटीला मारून पडद्यांच्या चार दुकानांत हिंडल्या. दुसऱ्या एकीने परत आणला. "मी टीव्ही बघते तेव्हा हा माझ्याकडे बघतो. डोळे जरा मिटून द्याल का?" हेलनने पापण्या रंगवून दिल्या. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्याला जाग आली, त्याला एका मालिकेपायी आम्ही झोपवला.

मला हे सहन होईना, आणि का होत नाही हेही कळेना. कारण मी ज्या घरात वाढले तिथे मूर्तीचं कौतुक नव्हतं. धम्म स्वीकारला तेव्हा माझ्या वडिलांनी देव्हाऱ्यातले सगळे देव एका पिशवीत घालून नदीला दिले होते. एकदा मी बुद्धाच्या फोटोला उदबत्ती ओवाळायला लागले, तर म्हणाले, "त्याला वास येत नाही. पुस्तक उघड." अशा माणसाची मुलगी मी चिनी मातीच्या बाहुलीसाठी का कळवळावं? खूप विचार करून उत्तर सापडलं ते असं, की मूर्तीत देव नसतो हे खरं, पण अपमान राहू शकतो. आमच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून मी जे येतं ते केलं. पत्रक काढलं. इंग्रजीत, लायब्ररीतल्या मशीनवर छापून. "ही शोभेची वस्तू नाही. हा अर्हत आहे. याने सर्व वासनांचा त्याग केला आहे. याच्या डोक्यात भोक पाडणं हा एका धम्माचा अपमान आहे." असं बरंच, खाली ठळक अक्षरात मागणी. गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि नोकरी जायची वाट बघत बसले.

हेलनने चष्मा लावून दोनदा वाचलं. "छान लिहितेस तू," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात माझं पत्रक साय-रंगाच्या जाड कार्डावर छापून आलं, शेवटची मागणी कापून. प्रत्येक दिव्याच्या गळ्यात सोनेरी दोऱ्याने एकेक कार्ड. 'याने सर्व वासनांचा त्याग केला आहे', आणि त्याखाली किंमत. गिऱ्हाइकं वाचायची आणि हळव्या आवाजात म्हणायची, "म्हणजे हा खरा आहे." खप इतका वाढला की मला ड्रिलवर पूर्णवेळ बसवलं. चळवळीतल्या जुन्या मित्राला मी पत्राने हे कळवलं. त्याने उत्तरात एकच ओळ लिहिली, "कॉम्रेड, यालाच जाहिरात म्हणतात."

मग वारं फिरलं. न्यूयॉर्ककडचे व्यापारी यायला लागले. चिनी वस्तूंना भाव आला होता, पण भोक नसलेल्या वस्तूंना. तेव्हा जुने दिवे उलटे यायला लागले. दांडा काढा, वायर काढा, भोक बुजवा, कधी दिवा नव्हताच असं करा. ज्या बाकावर बसून मी सकाळी भोकं पाडायची, त्याच बाकावर दुपारी बुजवायची. पगार दोन्हीला तोच.

बुजवायची रीत अशी. इपॉक्सीच्या गोंदात पांढरी पूड कालवून भोकात भरायची, घट्ट झाली की घासायची, मग एअरब्रशने रंगाचे पातळ थर आणि वर चकाकी. हेलनचा नियम होता, दिसलं तर ते रिपेअर नव्हे. डोळ्यांना दिसत नाही, पण पकडता येतं. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं. अखंड असेल तर खणखणतो, सांधलेला बसक्या आवाजात बोलतो. व्यापारी तर दाताने तपासतात, पोर्सिलीन दाताला थंड आणि टणक लागतं, आमची भरती मऊ. सूट-टाय घातलेला गृहस्थ एका भिक्षूच्या टकलाला दात लावतोय, हे दृश्य मी पाहिलं आहे. ती भरती काही वर्षांनी पिवळी पडते, हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगत नसू.

त्या दिवसांत एक अर्हत आला होता. वीतभर उंच, हिरवं-गुलाबी वस्त्र, चेहऱ्यावर गालातल्या गालात हसू. दोन्ही हातांनी त्याने स्वतःची छाती दारं उघडावी तशी उघडली आहे आणि आत बुद्धाचा छोटासा चेहरा. चिनी कारागीर हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. मी त्याच्या डोक्यातलं आणि बुडातलं भोक बुजवलं, आणि तो ज्याचा होता तो घेऊन गेला.

हे वाचून तुमच्यापैकी कोणाच्या डोळ्यांसमोर काय आलं, ते मला माहीत आहे. लिमये काकूंच्याही आलं.

लिमये हे नाव बदललेलं आहे. काकूंना विचारून लिहिते आहे. ट्रॉयमध्ये ओळखायला कोणाला वेळ लागणार नाही, पण त्यांची त्यालाही हरकत नाही. डॉक्टर लिमये भूलतज्ज्ञ, इथे आलेल्या पहिल्या पिढीतले. आम्ही बौद्ध असल्याचं मी त्यांच्या घरी पहिल्याच जेवणात सांगून टाकलं होतं. काका म्हणाले, "म्हणजे मेडिटेशन वगैरे?" काकूंनी माझ्या वाटीत आणखी आमटी वाढली. माझ्या बाळंतपणात आई येऊ शकली नाही, तेव्हा डिंकाचे लाडू आणि शेगडी घेऊन याच काकू आल्या होत्या. शेगडी इलेक्ट्रिकची होती, पण आल्या होत्या.

गेल्या वर्षी एका सोमवारी त्या दुकानात आल्या. हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा, त्यात जुन्या साडीचा तुकडा.

"वैशाली, माझा मारुती फुटला गं."

डॉक्टरांची बायपास पुढच्या मंगळवारी ठरली होती, हे मला माहीत होतं. काकूंचे शनिवार मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. दर शनिवारी मारुतीला तेल आणि शेंदूर. मूर्ती त्यांना दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका गराज सेलमध्ये मिळाली होती. परक्या देशात, कोणाच्या तरी जुन्या टोस्टरशेजारी छाती फाडून बसलेला मारुती, हा त्यांना कौलच वाटला. परवाच्या शनिवारी तेल घालून त्याला उचलायला गेल्या आणि तो हातातून सटकला. दगडाचा मारुती तेलाने सटकत नाही. पोर्सिलीनचा सटकतो. ज्या भक्तीने त्याला जपायचं, तिनेच त्याला जमिनीवर आणला.

"ऑपरेशनच्या तोंडावर," काकू म्हणाल्या. "आणि फुटला कुठे तर छातीवर. मंगळवारच्या आत होईल ना? कुणाला कळणार नाही असा?"

मी फडकं उघडलं. एक हात, छातीची एक झडप, गुडघ्याचा टवका. बाकी सगळा शेंदराने माखलेला. हेलन मागून डोकावली. "याला लिपस्टिक कोणी फासली?"

मी कापसाने टाळूवरचा शेंदूर थोडासा पुसला. खाली नाण्याएवढा पिवळट गोल. माझी स्वतःची भरती. आपलं हस्ताक्षर माणूस कुठेही ओळखतो.

शहाण्या माणसाने इथे तोंड बंद ठेवलं असतं. प्रकाश अजूनही मला तेच ऐकवतो.

"काकू," मी म्हटलं, "हा मारुती नाही."

"म्हणजे?"

"हा चिनी आहे. बुद्धाचा शिष्य. याला शेपूट आहे का बघा."

"शेपूट मोडलं असेल."

"मुळात नव्हतं. आणि छातीत राम नाही. बुद्ध आहे."

काकूंनी झडपेचा तुकडा आणि आतला चेहरा आळीपाळीने न्याहाळला. "मग मी दोन वर्षं तेल कोणाला घातलं?"

"एका भिक्षूला."

"आणि त्याने ते घालून घेतलं?" मग स्वतःची समजूत घालावी तशा म्हणाल्या, "हरकत नाही. बुद्ध म्हणजे तरी कोण? विष्णूचा नववा अवतारच ना. फिरून तिथेच आलं."

आमच्या घरी लहान मूल बाराखडीच्या आधी हे शिकतं की बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे. त्या एका वाक्याविरुद्ध मी किती पत्रकं लिहिली असतील याला गणती नाही. मग काय, सुरू झाले. "आमचा माणूसही तुम्हाला तुमचाच करून घ्यायचा असतो," इथपासून "दोन हजार वर्षं हेच चाललंय," इथपर्यंत. समोर नवऱ्याच्या ऑपरेशनने हबकलेली बाई उभी आहे, हे मला दिसत होतं. पण वाक्यं तयार होती, ती आपोआप येत होती.

काकूंनी ऐकून घेतलं. मग पर्स उचलली. "खंडित तर होताच, आता परकाही झाला. राहू दे तुझ्याकडेच." आणि गेल्या.

हेलनला मराठी कळत नाही, पण धंदा कळतो. "तिला नको असेल तर मी घेते," ती म्हणाली. "डेंटिस्टच्या बायकोला दिव्याची जोडी हवी आहे, एकच झालाय. भोक कुठे होतं ते तुला माहीतच आहे."

दोन दिवसांनी दुकानात डॉक्टर लिमये आले. चेहरा पांढरा, जिना चढल्यासारखा श्वास, आणि दुकानाला जिना नव्हता.

"काय सांगितलंस तू तिला? नुसती देवघरासमोर बसून असते. तिथली रिकामी जागा बघते. माझ्याशी बोलत नाही. बोलली तर रडेल म्हणून."

"खरं सांगितलं, काका."

"ते तू नेहमीच सांगतेस." ते स्टुलावर टेकले. "हे बघ, तिला फक्त एवढं सांग की तुझी चूक झाली, मारुतीच आहे. एक आठवडा. नंतर त्यावर पत्रक काढ, हवं तर मी स्वतः तिकिटं लावून पोस्टात टाकतो."

"तुम्ही मारुती मानता?"

"मी बायकोला मानतो. तीस वर्षं लोकांना भूल देतोय. टेबलावर झोपलेला माणूस प्रत्येक वेळी मला विचारतो, 'काही होणार नाही ना?' मी म्हणतो, 'काही होणार नाही.' मला काय माहीत असतं? पण म्हणतो. मंगळवारी मी त्या टेबलावर असणार. जाताना तिचा चेहरा मला धड हवाय. बाकी तुमचा बुद्ध, आमचा राम, काय ते तुम्ही आपसांत बघा."

"खोटं नाही सांगणार, काका. पण सांधून देईन. मंगळवारच्या आत."

"त्याने काय होईल?"

"माहीत नाही."

"भूलतज्ज्ञ व्हायला नालायक आहेस," ते म्हणाले आणि उठले.

सांधणं सोपं नव्हतं. इपॉक्सीचा एकच शत्रू, तेल. आणि हा अर्हत दोन वर्षं तेल प्यायला होता. ते प्रत्येक भेगेत, प्रत्येक टवक्याच्या कडेत मुरलं होतं. औषधात बुडवलेला कापूस लावायचा, तो पिवळा होऊन आला की काढायचा, नवा लावायचा. शेंदूर वस्त्राच्या चुण्यांतून टाचणीने काढावा लागला. हेलनने विचारलं, "एवढी घाई कशाची आहे?" मी ऑपरेशनचं सांगितलं. तिने डेंटिस्टच्या बायकोला फोन करून कळवलं की जोडी मिळणार नाही, आणि माझ्या बाकावरची बाकी कामं उचलून स्वतःच्या बाकावर नेली. तिचा नवरा टेबलावरून उठला नव्हता, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं, रंग कालवता कालवता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

सोमवारी मी अर्हताला घेऊन लिमयांच्या घरी गेले. आतल्या खोलीत टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि काकांचा खोकला ऐकू येत होता. काकू स्वयंपाकघरात उगीचच ओटा पुसत होत्या.

"का आलीस? आणखी काही सांगायचं राहिलंय?"

"हो. एक राहिलंय."

मी मूर्ती ओट्यावर ठेवली आणि सांगितलं. की हा तुमच्याकडे आला तेव्हाच खंडित होता. की याआधी तो दिवा होता, याच्या अंगातून वायर गेलेली होती, आणि डोक्यातलं भोक मीच बुजवलं होतं. फुटणं हे त्याच्या बाबतीत नवीन नाही.

काकूंनी त्याला हातात घेतलं. टाळूवरून अंगठा फिरवला. "इथे?"

"इथेच."

"हाताला लागत नाही."

"लागू नये म्हणूनच पगार मिळतो."

"म्हणजे दोन वर्षं मी खंडित मूर्तीची पूजा केली. आणि काही झालं नाही."

"काकांच्या नसा तुंबल्या," मी म्हणाले. बोलून गेल्यावर वाटलं की जीभ हासडून ओट्यावर ठेवावी.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या वीस वर्षं तुंबताहेत. बटाटेवडे मी केले. मारुतीने नाही केले." आणि त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्या खुर्चीत बसल्या. पदराने डोळे पुसले. मूर्ती मांडीवरच होती.

"छाती उघडून परत बसवली की कळतं का गं?"

"मी केलेलं कळत नाही. काकांचं कळेल. गळ्याखालून पोटापर्यंत व्रण राहतो."

"राहू दे. दिसला तर दिसला." त्यांनी छातीच्या झडपेवर बोट ठेवलं. "खंडित झालं की पाण्यात सोडून द्यायचं, असं सासूबाई सांगायच्या." आतल्या खोलीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि ते वाक्य पुढे नेलं नाही.

देवघरात मात्र त्यांनी त्याला ठेवला नाही. खिडकीत ठेवला, फोनशेजारी, दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून जिथे फोन येणार होता तिथे. त्यांचा हट्ट होता की हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून वाट बघण्यापेक्षा घरात बघीन. "नाव काय म्हणायचं याचं?"

"काही जण याला राहुल म्हणतात. बुद्धाचा मुलगा. काही जण दुसरंच नाव सांगतात. मला नक्की माहीत नाही."

"राहुल," काकू म्हणाल्या. "आमच्या पुण्यात दर दारात एक आहे. आणि नैवेद्य काय याला?"

"काही नाही, काकू. तो देव नाही. भिक्षू आहे. भिक्षू कोणी देईल ते खातो, दुपारचे बारा वाजायच्या आत. मागायचं नाही आणि नावं ठेवायची नाहीत."

"बरं," त्या म्हणाल्या. "तेल?"

"तेल अजिबात नाही. तेलाने माझा सांधा सुटेल."

मंगळवारी दुपारी मी दुकानातून त्यांना फोन लावला, तर एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. हेलनने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि फोन माझ्याजवळ सरकवला. संध्याकाळी काकूंचाच फोन आला. शुद्धीवर आलेत, नर्सशी हुज्जत घालताहेत, म्हणे भूल नीट दिली नव्हती.

महिनाभराने त्यांनी मला जेवायला बोलावलं. काका टेबलाशी बसले होते, निम्मे झालेले, शर्टाच्या उघड्या गळ्यातून गुलाबी व्रण दिसत होता. पानात दोडक्याची भाजी, फुलके, पातळ वरण. मीठ नाही, तूप नाही, फोडणी नावापुरती. पानं वाढून झाली तरी काकू आम्हाला हात लावू देईनात. घड्याळात बाराला पाच कमी होते. त्यांनी एका लहान वाटीत दोडका आणि फुलक्याचा चतकोर घेतला आणि खिडकीत राहुलसमोर ठेवला.

मी सांगितलं होतं ते असं नव्हतं. असं करू नये हेच मी सांगितलं होतं, आणि का करू नये यावर मी दोन पानं सलग बोलू शकते. मी तोंड उघडलंही.

पण काका आधी बोलले. "अगं, त्या बिचाऱ्यालाही अळणीच का? त्याला तरी चिमूटभर मीठ घाल."

"भिक्षेला बसलेल्याने चवीबद्दल बोलायचं नसतं," काकू म्हणाल्या. "वैशालीनेच सांगितलंय. जेवा आता दोघंही."

आम्ही मुकाट्याने जेवलो.